हळदीच्या कुकरची वेबसाइट

वारंगा फाटा,
१२ सप्टेंबर २००४

चि. मिनास खाजा चाचाची दुआ.

राखीला तू तांड्यावर आली होतीस, तेव्हा आमच्या शेडमध्ये चहा पिता पिता म्हणालीस, "चाचा, मी पुण्याला वेबसाइट बनवायला शिकून राहिले. तुमची बनवू का?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता हसत नाही. बनव.

कारण सांगतो, पण तुझ्यापाशीच ठेव. आमचा फहीम सौदीला जायचं म्हणून बसलाय. नांदेडच्या एका एजंटानं त्याच्या डोक्यात भरवलंय, तिकडे वेल्डरला मान आहे म्हणे. एकुलता एक पोरगा. हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम बनवणारं हे शेड त्याच्याशिवाय चालायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला घरात करमायचं नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे कळमनुरी आणि वसमत, एवढंच. हळद तर सांगलीपासून निजामाबादपर्यंत पिकते. तिकडून काम आलं तर पोरगं कशाला जातंय? त्यासाठी ही सायट. फहीमला मात्र 'धंद्यासाठी' एवढंच सांगितलंय.

दोन गोष्टी आधीच बोलून घेतो. जागा मोक्याची पाहिजे. फाट्यावर माझं शेड वळणावर आहे, म्हणून नांदेडची गाडी असो की हिंगोलीची, माणसाची नजर आधी माझ्यावर पडते. तशी जागा बघ. आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला सायट बंद राहील. वडलांपासूनची रीत आहे. गिऱ्हाईक येऊन ताटकळायला नको.

सोबत फोटो पाठवतोय, स्टुडिओत मुद्दाम काढलाय. तुझा बाप भीमसिंग परवा ड्रमचं बेअरिंग बदलायला आला होता. तुझा विषय निघाला तर बेअरिंगच पुसत बसला. त्याला पत्र टाक.

खाजा चाचा


पुणे,
२१ सप्टेंबर २००४

खाजा चाचांना सलाम.

तुमचं पत्र वाचून जागच्या जागी नाचले. तुम्ही माझं पहिलं गिऱ्हाईक! आतापर्यंत इथं ऑफिसात मी दुसऱ्यांच्या सायटींचा मजकूर टाइप करत बसायचे. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "कर, बघू काय दिवे लावतेस." आता दिवे लावणं आलं.

फोटो पाहिला. शेरवानी, छातीवर गुलाब, मागे रंगवलेला धबधबा. फार रुबाबदार दिसता. पण चाचा, आपल्याला कुकर विकायचाय, तुम्हाला नाही. कुकरचा फोटो पाठवा.

मोक्याच्या जागेचं म्हणाल तर इथं रस्ताही नाही आणि वळणही नाही. माणूस कॉम्प्युटरवर 'हळदीचा कुकर' असं लिहून शोधतो. ज्याच्या पानावर कामाची माहिती नीट लिहिलेली असते, त्याचं दुकान पुढे येण्याची शक्यता जास्त. म्हणून कुकर चालतो कसा, जुन्या कढईपेक्षा बरा कसा, सगळं बैजवार लिहून पाठवा. आणि शुक्रवारी सायट बंद करता येत नाही. पाटी टांगावी तशी ती टांगलेली असते, तिथं कुणी बसलेलं नसतं. 'शुक्रवारी दुपारी फोन उचलला जाणार नाही' असं लिहू का?

फहीमभाईचं वाचून वाईट वाटलं. बाळापूरला शाळेत जायचे तेव्हा माझ्या सायकलचं तुटलेलं हँडल त्यांनीच जोडून दिलं होतं. ते गेले तर फाटा सुना वाटेल. आपण त्यांना थांबवू.

मिना


वारंगा फाटा,
४ ऑक्टोबर २००४

चि. मिना,

मोठ्यांची थट्टा करायची तुला फार हौस. धबधबा स्टुडिओवाल्याचा होता. शेरवानीचा फोटो पहिल्या पानावर राहील, हे माझं शेवटचं बोलणं. माणसाचं तोंड बघितल्याशिवाय कुणी लोखंड घेत नसतो.

कुकरचा फोटो सोबत आहे. माहिती फहीमला एकेक विचारून लिहून घेतली. पूर्वी हळद उघड्या कढईत उकडायची. वरची कच्ची राहायची आणि खालचीचा गाळ व्हायचा. आपल्या कुकरात मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, आणि दोन बाजूंना दोन ड्रम. वाफ पाइपातून एका ड्रममध्ये सोडायची. तो शिजतोय तोवर दुसरा रिकामा करून भरायचा. मग चावी फिरवली की वाफ तिकडे. जाळ विझवायचं काम नाही. खाली चाकं आहेत, ट्रॅक्टरला जोडा आणि कुणाच्याही शेतात न्या. ही दोन ड्रमची युक्ती आख्ख्या भागात दुसऱ्या कुणाकडे नाही.

प्रत्येक ड्रमवर वेल्डिंगनं 'खाजा मिया, वारंगा फाटा' असं काढलेलं असतं. तेही लिही. शुक्रवारचं तू म्हणतेस तसं चालेल.

खाजा चाचा


पुणे,
१८ ऑक्टोबर २००४

खाजा चाचांना रमजान मुबारक.

तुमच्याकडे नेट नाही, म्हणून सायटीची सगळी पानं कागदावर छापून पाठवतेय. सगळ्यांना दाखवा आणि जिथं चुकलं असेल तिथं लाल पेननं खूण करा. पण जे काय बदलायचं ते एकदाच सांगा. मराठी अक्षरं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर उमटत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. म्हणून मी प्रत्येक पान लिहून त्याचं चित्र करून टाकलंय. एक शब्द बदलायचा तरी आख्खं चित्र नव्यानं करावं लागतं. माझे डोळे गेले आहेत कामातून.

तुमच्या नावानं पत्ता नोंदवला, खाजामिया डॉट कॉम. आता जगात दुसरा कुणी खाजा मिया तो घेऊ शकत नाही. आहे की नाही ऐट?

एक विचारू? कुकरच्या फोटोत उजव्या कडेला चावीवर एक हात दिसतोय आणि त्या हाताचा माणूस कात्रीनं कापून टाकलाय. कुणाचा हात आहे तो?

मिना


वारंगा फाटा,
३० ऑक्टोबर २००४

चि. मिना,

पानं मिळाली. काय काम केलंस पोरी! इफ्तारच्या आधी शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. गॅरेजवाले आले, हॉटेलवाला पुंजाजी आला, तुझा बाप आला. पुंजाजीनं मोठ्यानं वाचलं आणि मी खुर्चीत बसून ऐकलं. 'खाजा मिया यांनी बनवलेला दोन ड्रमचा कुकर' हे वाचल्यावर भीमसिंगनं माझ्या पाठीवर थाप मारली.

फहीमनं शेवटी कागद घेतले आणि उभ्यानंच वाचले. "बढिया है, अब्बा," म्हणाला. घडी घालून माझ्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन एजंटाला पासपोर्ट देऊन आला. संक्रांत झाली की विमान. मला काही समजेना. एवढी चांगली सायट डोळ्यांनी बघून पोरगं पळून चाललं? मला वाटतं अक्षर लहान पडलं. माझं नाव अजून मोठं कर. दुकान मोठं दिसलं की त्याला भरवसा येईल.

हात फहीमचाच आहे, दुसऱ्या कुणाचा असणार? बनवणारा तोच, दोन ड्रमची युक्तीही त्याचीच. पण उस्ताद सोडून शागिर्दाचा फोटो लावला तर लोक काय म्हणतील?

खाजा चाचा


पुणे,
५ नोव्हेंबर २००४

खाजा चाचा,

राग आला तर येऊ द्या, पण अक्षर लहान पडलेलं नाही. तुमचं नाव पानापानावर आहे आणि फहीमभाईचं एकदाही नाही. युक्ती त्यांची आहे हे तुम्ही मला आत्ता लिहिलंत, तेही जाता जाता. मी तुमच्या पत्रावरून लिहीत गेले, आणि आपण दोघांनी मिळून त्यांचं काम त्यांच्या नजरेसमोर तुमच्या नावावर करून टाकलं. साऱ्या फाट्यासमोर त्यांनी ते उभ्यानं वाचलं. 'बढिया है' म्हणाले. मी असते तर मला तेवढंही म्हणवलं नसतं.

आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "पहिला कुकर आपल्याच शेतात लावला व्हता की त्यानं. झाकन उडालं, हात भाजला, तरी पोरगं हटलं न्हाई. पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा हाजर. तुला काहून मालूम न्हाई?"

सौदीला वेल्डरला मान आहे, असं एजंटानं सांगितल्याचं तुम्हीच लिहिलं होतंत. मला वाटतं त्यांना तेवढंच पाहिजे. उद्या सांगलीहून कुणी फोन करून चावीबद्दल विचारलं, तर तुम्ही काय सांगणार? त्यांनाच हाक मारणार ना? मग त्यांचं नाव घालू द्या. मी आख्खं चित्र पुन्हा करीन, कुरकूर करणार नाही.

मिना


वारंगा फाटा,
९ नोव्हेंबर २००४

मिना,

नाव घालायचं नाही.

आमच्या कामात उस्ताद हयात असेपर्यंत मालावर शागिर्दाचं नाव येत नाही. माझे उस्ताद नांदेडचे रहमत मिस्त्री. त्यांच्या हाताखाली मी जवानी काढली. ड्रम मी करायचो आणि नाव त्यांचं काढायचो. त्यांना माती देऊन आलो, त्यानंतरच पहिल्यांदा माझं नाव काढलं. शागिर्दानं आधी नाव घातलं म्हणजे त्यानं उस्तादाला मेलेला धरलं. माझ्या पोरानं मला जिवंतपणी मेलेला धरावं, असं तुझं म्हणणं आहे का?

चार बुकं शिकलीस म्हणून मला माझं दुकान शिकवू नको. सायट आहे तिथं थांबव.

खाजा मिया


पुणे,
१७ नोव्हेंबर २००४

खाजा चाचांना ईद मुबारक.

तुम्ही सांगितलंत तशी सायट थांबवली आहे. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. दिवाळी आणि ईद यंदा पाठोपाठ आल्या आणि मी दोन्हींना मुकले. फातिमाबी चाचींच्या हातच्या शीरखुर्म्याची फार आठवण आली.

तुमची रीत मला माहीत नव्हती. माझ्या लिहिण्यानं तुम्हाला लागलं, याचं वाईट वाटतं. पण लिहिलेलं खोटं नव्हतं, म्हणून ते मागे घेत नाही. साहेब रोज विचारतात, दिवे कधी लागणार? मी सांगते, गिऱ्हाईकाच्या घरी सण आहे.

मिना


वारंगा फाटा,
२४ नोव्हेंबर २००४

चि. मिनास खाजा चाचाची दुआ आणि थोडी शरम.

ईदच्या दुसऱ्या दिवशी फहीम नवी बॅग घेऊन आला. त्याची अम्मी बॅगेकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "रहमत मिस्त्री गए तब तुम्हारी दाढ़ी सफेद हो गई थी. फहीम की सफेद होने का रस्ता देखरे क्या? उसकी तो उधर जाके होगी, अपने को दिखेगी बी नहीं."

आठ दिवस विचार करून राहिलो. शागिर्दानं आपणहून नाव घालणं वेगळं. पण उस्तादानंच चार लोकांत, आपल्या तोंडानं दुसऱ्याला उस्ताद म्हटलं, तर त्यात मरण्याचं काय आलं? रहमत मिस्त्रींनी मला एकदा म्हटलं असतं, तर मी त्यांना खांद्यावर घेऊन नांदेडभर फिरलो असतो.

तेव्हा आता नीट वाच. पहिल्या पानावर सगळ्यात वर लिही, 'उस्ताद फहीम यांचा दोन ड्रमचा हळद कुकर.' फोटोची दुसरी प्रत पाठवतोय, त्यात आख्खा फहीम आहे. माझा शेरवानीचा फोटो आत कुठंतरी टाक, पण टाक. पत्ता माझ्याच नावाचा राहू दे. पोरगं कितीही मोठं झालं तरी राहील बापाच्याच पत्त्यावर.

फहीमला यातलं काही माहीत नाही. ५ डिसेंबरला, रविवारी, शेडमध्ये उद्घाटन आहे. बाळापूरचा क्लासवाला कॉम्प्युटर घेऊन येतोय, आमच्या फोनची तार त्याला जोडायची म्हणे. सगळ्यांना यायला सांगून ठेवलंय.

खाजा चाचा


पुणे,
२९ नोव्हेंबर २००४

चाचा,

पत्र ऑफिसात वाचलं. रडले, आणि साहेबांना सांगितलं की डोळ्यांत काहीतरी गेलं. पहिलं पान नव्यानं केलं. फहीमभाई फोटोत चावीवर हात ठेवून हसत आहेत, ते मला माहीत असलेलं त्यांचं पहिलंच हसणं. शनिवारी रात्री सायट सुरू करते. रविवारी दिवसभर मी ऑफिसात बसते. काही अडलं तर सोबतच्या नंबरवर फोन करा. चाचींना माझा सलाम आणि एक पापी.

मिना


वारंगा फाटा,
६ डिसेंबर २००४

चि. मिना,

फोनवर तुला फक्त आवाज ऐकू गेले. इथं काय झालं ते लिहितो.

शेड पाणी मारून स्वच्छ केलं. टेबलावर चादर टाकून कॉम्प्युटर मांडला. माणसं बाहेर रस्त्यापर्यंत उभी. तांड्यावरनं दोन ट्रॅक्टर भरून आले, तुझी आई पुढे बसली. क्लासवाल्यानं बटण दाबलं. फोनची तार बराच वेळ किरकिरली. मग काचेवर वरून खाली एकेक पट्टी उमटायला लागली. आकाश आलं, शेडचं पत्र्याचं छप्पर आलं, आणि फहीमचे केस दिसताहेत तोच लाइट गेली.

लोडशेडिंगची वेळ संध्याकाळची होती. त्या दिवशी दुपारीच घातलं. पुंजाजी म्हणाला, "झालं का उद्घाटन? पेढे वाटायचे का?" लोक हसले. फहीम म्हणाला, "जाने दो अब्बा, फिर कभी देखेंगे." त्याचं 'फिर कभी' मला सौदीहून आल्यासारखं ऐकू आलं.

तेव्हा मी एसटीडीवाल्याकडून त्याचा मोठ्या आवाजाचा फोन आणवला आणि तुला लावला. पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणालीस, "चाचा, कॉम्प्युटर माझ्यासमोर चालू आहे. मी वाचते, तुम्ही ऐका." सगळे फोनपाशी सरकले. आणि तू पहिलं वाक्य वाचलंस.

'उस्ताद फहीम' ऐकल्यावर भीमसिंगनं माझ्याकडे बघितलं, गॅरेजवाल्यांनीही. ही मंडळी आमची रीत जाणून आहेत. मी उठलो. खांद्यावरचा रुमाल काढून फहीमच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणालो, "बराबर वाचून राहिली ती. आजपासून हेच उस्ताद." तुला जो गोंगाट ऐकू आला तो त्याचा. तुझ्या आईनं तर माझी दृष्टच काढली, माझी काहून काढली ते तिलाच माहीत.

फहीम खाली मान घालून उभा राहिला. तुझं वाचून संपेपर्यंत हलला नाही. मग माझ्या पायाला हात लावून शेडच्या मागे गेला. सौदीबद्दल मात्र काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. मला भीती वाटते विचारायची.

खाजा चाचा


पुणे,
१८ डिसेंबर २००४

खाजा चाचांना सलाम.

तुमचा गोंगाट साहेबांनीही ऐकला. म्हणाले, "वेबसाइटचं असं उद्घाटन मी जन्मात ऐकलं नाही." माझं टाइपिंगचं टेबल दुसऱ्या मुलीला गेलं. आता मी सायटी बनवणाऱ्यांत बसते. तुमच्यामुळे.

आणि ऐका, सायटीवरून पहिली चौकशी आली! सांगलीकडचे एक बागायतदार आहेत. दोन ड्रमचं वाचून त्यांनी लिहिलंय की असा कुकर कुठं पाहिला नाही. मी त्यांना शेडचा नंबर दिला. फोन आला तर घाबरू नका.

फहीमभाईंना तुम्ही विचारत नाही, म्हणून मी विचारलं. त्यांना वेगळं पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. चाचा, मला काही भरवसा देता येत नाही.

मिना


वारंगा फाटा,
४ जानेवारी २००५

चि. मिना,

सांगलीवाल्याचा फोन काल दुपारी आला. मी उचलला. माणूस म्हणाला, "वेबसाइट बघून फोन करतोय. उस्ताद आहेत का?"

इतकी वर्षं या फोनवर कुणीही असं विचारलं की मी 'बोलतोय' म्हणतो. तोच शब्द जिभेवर आला होता. गिळला. म्हणालो, "थांबा, बोलावतो त्यांना."

फहीम ड्रमच्या आत बसून वेल्डिंगचे टाके मारत होता. मी पत्र्यावर थाप मारून हाक दिली, "उस्ताद, फोन है." लोकांसमोर मी त्याला उस्ताद म्हटलं होतं, पण आम्ही दोघंच असताना कधी नाही. तो बाहेर आला, तोंडावरची काच वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला. मग फोन घेतला.

बराच वेळ बोलला. पाणी किती, पत्रा किती जाड, झाकण कसं बसतं. एवढं बोलणारं पोरगं माझ्या घरात आहे, हे मला माहीत नव्हतं. आणि शेवटी म्हणाला, "शिवरात्रीच्या आत देतो. मी स्वतः येऊन लावून देईन."

मिना, संक्रांत झाल्यावर विमानात बसणारा माणूस शिवरात्रीचा वायदा करत नसतो. मी स्टुलावर बसलो.

त्यानं फोन ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "कल नांदेड जाके पासपोर्ट लेके आता मैं. और अब्बा, चद्दर कम पड़ेगी. आज ही मंगा लो."

मी म्हणालो, "जी उस्ताद," आणि उठलो. पत्रा सांगायला निघालो, तर रस्त्यावरची गाडी कुठली आणि माणूस कुठला ते मला दिसेना. रडत होतो ना. पुंजाजीनं हॉटेलातून विचारलं, "काय झालं खाजाभाई? कुठं चालले?"

मी म्हणालो, "उस्तादांनी काम सांगितलंय."

खाजा चाचा